बाईंसाठी केलेला रस्ता

आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मागून कोणी गहिवरायला नको. दामिनी मेहरे मेळघाटात शिकवायला गेली ती भत्त्यासाठी. लेकरांच्या कळवळ्यानं नाही आणि सेवाबिवा करायला तर मुळीच नाही. अवघड गावात मुक्काम करून शिकवणाऱ्या शिक्षकाला पगारावर जादा भत्ता मिळेल असं निघालं, आणि या पोरीनं सरळ अर्ज करून टेंबरूढाण्याची शाळा मागून घेतली. जी शाळा मिळू नये म्हणून आमच्याकडचे मास्तर देवाला नवस बोलतात, ती हिनं मागून घेतली!

पहिल्या भेटीतच मला म्हणाली, "मी भत्त्यासाठी आली सर. लपवू काहून?"

मी खुशालराव. केंद्रप्रमुख आहे, म्हणजे डोंगरातल्या दहा-बारा शाळांवर फिरून देखरेख करणारा माणूस. मूळचा बार्शीटाकळीचा, पण नोकरी सगळी परतवाड्याच्या वरच्या अंगाला, घाटात गेली. तोंडाचा फटकळ आहे. माझी बायको ललिता तर म्हणते, तुमच्या जिभेला हाड नाही ते नाही, लगामही नाही. त्यामुळे मी दामिनीला तिथंच सुनावलं, "भत्ता घेणारे असे गंज जण पाहिले बाई म्या. खोलीच्या खुंटीवर एक शर्ट टांगून ठेवतात अन् स्वतः परतवाड्यात राहतात."

हे काही मी रचून सांगत नव्हतो. टेंबरूढाण्यात आधीच्या गुरुजींनी तेच केलं होतं. तपासणीला कोणी आलं की गाव त्या साहेबाला खोलीवर न्यायचं आणि शर्ट दाखवायचं. गुरुजी इथंच राहतात, हे काय, शर्ट आहे! गाव कोरकू आदिवासींचं, आणि कोरकू माणसाची रीतच तशी. आल्या पाहुण्याला घरातलं उणं सांगायचं नाही आणि आपल्या माणसाला चारचौघांत उघडं पाडायचं नाही. घरात दाणा नसला तरी "जेवलो" म्हणतील. गुरुजी महिना महिना यायचे नाहीत, तरी शर्ट धुऊन ठेवायचे बिचारे.

दामिनी मात्र गॅसचं सिलिंडर, पलंग आणि दोन कोंबड्या घेऊनच गेली. म्हणाली, "भत्ता राहाचा हाये ना? मग राहतो. फुकटचं कोणाचं खाऊन नाही राहिली मी."

तो भत्ता कशाला हवा होता तेही ऐका. तिची आई गोदाबाई अचलपुरात भाजी विकते. माळ्याची बाई, पण स्वतःचा मळा नाही. पहाटे ठोकात माल घ्यायचा आणि दिवसभर बाजारात बसायचं. नवरा लवकर गेला. या बाईनं पोरीला शिकवलं, पण जन्म सगळा भाड्याच्या खोल्यांत काढला. दर दोन-चार वर्षांनी घरमालकाला काही तरी सुचायचं आणि गोदाबाईचा संसार हातगाडीवर चढायचा. दामिनीच्या डोक्यात लहानपणापासून एकच गोष्ट पक्की बसलेली होती. आईला दोन खोल्या बांधून द्यायच्या, ज्यातून तिला कोणी "निघा" म्हणणार नाही. जागा घेऊन झाली होती. जोतं झालं होतं, भिंती उभ्या राहिल्या होत्या. राहिला होता स्लॅब, आणि तो त्या भत्त्यावर पडणार होता. इकडं घरमालकानं आताच सांगून ठेवलं होतं, दोन-चार वर्षांत खोली मोकळी करा.

"लग्नाचं काय ठरवलं?" मी एकदा विचारलं.

"आधी स्लॅब, मग नवरा."

आता बोला! अशा पोरीशी काय बोलणार?

मी तिच्या शाळेला पहिली भेट दिली ती न कळवता. मोटरसायकल फाट्यावर लावून चालत गेलो, कारण फाट्यापासून गावापर्यंत रस्ता म्हणावा असं काही नव्हतंच. दगडधोंडे, मधे एक नाला, नाल्यापलीकडं चढ. शाळेजवळ पोचलो तर आतून नुसता कल्ला. "वांगे घ्या वांगे! ताजे वांगे!" माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, शाळा बंद ठेवून बाजार भरवला की काय! तावातावानं आत शिरलो तर खरोखरच बाजार भरलेला. पोट्टे फरशीवर ओळीनं बसलेले, पुढ्यात घरून आणलेली वांगी, मिरच्या, मोहफुलं, चारोळी. मधे तराजू. आणि बाई स्वतः पदर खोचून गिऱ्हाईक झालेली, एका चिमुरडीशी भावावरून हुज्जत घालत होती.

त्या बाजाराचा नियम होता. विकणाऱ्यानं मराठीतच बोलायचं आणि घेणाऱ्यानं कोरकूत. दुसऱ्या खेपेला उलट. पहिलीत येणाऱ्या या लेकरांना मराठीचा गंध नसतो. घरी पाण्याला डा म्हणतात, शाळेत आलं की ते एकदम पाणी होतं, आणि पोरगं बावरून कोपऱ्यात बसतं. दामिनीला कोरकू येत नव्हती, लेकरांना मराठी येत नव्हती. पण बाजार मात्र तिच्या रक्तातच होता. मग ती त्यांच्याकडून शिकली, लेकरं तिच्याकडून शिकली. बेरीज, वजाबाकी, पावकिलो, अर्धा किलो, सगळं भाव करता करता. मी तिथं ओरडायला गेलो होतो आणि चौथीतल्या पोरीनं मला शिळी वांगी गळ्यात मारली. वर "सुट्टे नाहीत" म्हणाली. अस्सल बाजारातली!

दोन वर्षांत त्या शाळेचं रूप पालटलं. आश्रमशाळेत पाठवलेली पोरं आईबापांनी परत आणली. चारोळी घ्यायला येणाऱ्या व्यापाऱ्याला एका पोरीनं, "काटा पुन्हा मांडा" असं मराठीत ठणकावलं, तेव्हापासून तर गाव बाईंवर जीव टाकायला लागलं. शिक्षकदिनाला तिचा सत्कार झाला. भाषणं झाली, शाल दिली, नारळ दिला. खाली उतरल्यावर माझ्या कानाशी म्हणाली, "सर, शालीनं स्लॅब पडत असता तर काय मज्जा असती." मी तोंड फिरवून हसलो.

मग पावसाळ्याच्या अखेरीला ती पडली. अचलपूरहून आईला भेटून स्कूटीनं परत येत होती. नाल्यातल्या शेवाळावरून गाडी घसरली आणि मनगट मोडलं. प्लास्टर घातलं, काही आठवडे आईकडं राहिली. गावाला वाटलं, गेली बाई. आता काही ही परत येत नाही.

गावाचा म्होरक्या मुंगीलाल. पिकलेल्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं सगळ्यांना शाळेपुढं जमवलं आणि एवढंच म्हणाला, "बाई पडली. बाईचा कसूर नाही. रस्त्याचा हाये." दुसऱ्या दिवसापासून अख्खं गाव रस्त्यावर. सरकारचा एक पैसा नाही, ठेकेदार नाही. बायांनी डोक्यावरून मुरूम वाहिला, नाल्यात दगड रचून वरून गाडी जाईल अशी फरशी बांधली, चढ कापून सपाट केला. कामाला जायचं सोडून खपले. प्लास्टर काढून दामिनी फाट्यावर उतरली तर समोर रस्ता! जीप थेट शाळेच्या दाराशी जाईल असा. ती तिथंच उभी राहून रडली, हे मला मुंगीलालनं नंतर सांगितलं. "खुशीनं रडली," असंही म्हणाला.

आणि इथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

हिवाळ्यात वरच्या ऑफिसातून दोन साहेब आले. कोणती गावं खरोखर अवघड आहेत आणि कोणती उगीच यादीत आहेत, ते नव्यानं ठरवायचं होतं. मी त्यांच्यासोबत होतो. गावात कोणी तरी आधीच सांगून ठेवलं होतं की बाईंच्या भत्त्यासाठी गावाची तपासणी होऊन राहिली. त्या माणसांनी त्याचा अर्थ काय घेतला असेल? गाव चांगलं निघालं तर भत्ता राहील, खराब निघालं तर बाईंना नेतील! आणि त्यात त्यांचं काय चुकलं? शाळेत पोराला बक्षीस मिळतं ते चांगलं केल्यावरच ना? खराब असण्याचे पैसे मिळतात हे त्यांना कोण सांगणार, आणि सांगितलं तरी कोण मानणार?

दामिनी वर्गात शिकवत होती. बाहेर मोहाच्या झाडाखाली खाट टाकून साहेबांना बसवलं. गाव झाडून स्वच्छ केलं होतं.

"रस्ता आहे का?" साहेबांनी विचारलं.

"हाये साहेब. पक्का. जीप दारात येते," मुंगीलाल छाती काढून म्हणाला.

मी खोकलो.

"मोबाईलला रेंज?"

"हाये. त्या टेकाडावर चढलं की फुल हाये."

"उन्हाळ्यात पाणी?"

"पाणीच पाणी साहेब."

मी पुन्हा खोकलो, जोरात. मे महिन्यात तिथल्या बाया कुठून पाणी आणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी मुंगीलालकडं डोळे वटारले, भुवया नाचवल्या, पायानं खाट हलवली. त्यानं माझ्याकडं पाहिलं, त्याला दया आली, आणि तो लगबगीनं माझ्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आला. "घ्या सर. घसा सुकला तुमचा." साहेबांना वाटलं, वा, पाणी तर आहे! शेवटी न राहवून मी म्हणालो, "साहेब, हे लोक पाहुण्याले नाही म्हणत नाहीत. यांचं 'हाये' म्हणजे..." साहेब म्हणाले, "खुशालराव, गावकरी स्वतः सांगताहेत. तुमचं ऐकू का त्यांचं?" सही झाली, अंगठे झाले. टेंबरूढाणा आता कागदावर अवघड गाव राहिलं नाही.

भत्ता बंद झाल्याचं दामिनीला मीच जाऊन सांगितलं. असलं काम माझ्या वाटेला का येतं, देव जाणे. तिनं ऐकून घेतलं, खडू खाली ठेवला आणि तडक मुंगीलालच्या अंगणात गेली.

"काहून सांगतलं तुमी असं? काहून? पाणी हाये म्हणे! कोठी हाये पाणी? माह्या मायच्या डोक्यावर छत नाही अन् तुमाले गावाची शान दाखवाची होती?"

मुंगीलालला काही कळेना. मी त्याला बाजूला घेऊन समजावलं. गाव जितकं वाईट, तितका भत्ता खरा. रस्ता झाला म्हणून भत्ता गेला. तो म्हणाला, "सर, मतलब खराब दाखवाचं होतं?"

"हो."

"मग आमाले तसं शिकवाचं होतं ना तुमी."

या माणसाला खोटं बोलायला शिकवायला हवं होतं, असं म्हणू? का खरं बोलला तेच चुकलं, असं म्हणू? तोही खरं कुठं बोलला होता म्हणा. त्या गावानं आयुष्यभर पाहुण्याचा मान राखला होता, तसाच याही वेळी राखला, बस्स. पण यादी करणाऱ्याला एवढं कळू नये? माझा संताप संताप झाला. मी वर अर्ज केला, खेटे घातले. उत्तर आलं, पुढच्या फेरतपासणीत पाहू.

दामिनीनं बदली मागितली. मागणारच! दोन चुली चालवायच्या, इकडं खोलीचं भाडं, तिकडं आईच्या खोलीचं, आणि वर बांधकाम. नुसत्या पगारात ते बसत नव्हतं. अचलपूरजवळची शाळा मिळाली तर आईजवळ राहून एका चुलीत भागणार होतं. कोणी म्हणेल, एवढी चांगली शिक्षिका, लेकरांसाठी थोडं सोसलं असतं तर? असं म्हणणाऱ्यानं आधी स्वतःच्या आईला हातगाडीमागं चालत पाठवावं, मग बोलावं.

बदलीचा आदेश आल्याचं गावात कळलं त्याच सकाळी मी तिथं पोचलो. नाल्यापाशी अख्खं गाव उभं. हातात कुदळी, सब्बल, पावडे. मुंगीलालनं नाल्यातल्या फरशीचा पहिला दगड उपसून बाजूला ठेवला होता.

"हे काय चाललंय?" मी ओरडलो.

"रस्ता खोदून राहिलो सर. पयले होता तसा करून देतो. तुमी साहेबाले आणा, आमी आता खराब दाखवतो. मग तर बाई राहीन ना?"

तेवढ्यात दामिनी शाळेकडून पळत आली, पायात चप्पलसुद्धा नाही. तिनं मुंगीलालच्या हातातली सब्बल हिसकावली.

"डोकं फिरलं का तुमचं? मागच्या आठवड्यात तुमची सून याच रस्त्यानं जीपमधून दवाखान्यात गेली, म्हणून माय-लेकरू दोघं जित्ते हायेत! खबरदार कोणी दगडाले हात लावला तर!"

मुंगीलालनं मान खाली घातली. "रस्ता सुनेसाठी नव्हता केला बाई. तुमच्यासाठी केला होता."

मग ती रडली, आणि या वेळी खुशीनं नाही. उपसलेला दगड तिनं स्वतः उचलून जागेवर बसवला, मोडून जोडलेल्या हातानं. आणि म्हणाली, "आईचं घर झालं की येईन मी. पण रस्ता राहू द्या."

जाताना माणूस असं काही तरी बोलतोच. मीही ते तसंच ऐकलं आणि सोडून दिलं.

शाळेच्या दाराशी पहिल्यांदा सामानासाठी जीप लागली ती तिचाच पलंग आणि सिलिंडर न्यायला. कोंबड्या ती गावाला ठेवून गेली.

तिच्या जागी नवे गुरुजी आले. माणूस वाईट नाही, पण रस्ता चांगला झालाय ना, मग मुक्काम कशाला करायचा? रोज परतवाड्याहून येतात, ऊन चढल्यावर पोचतात आणि ऊन उतरायच्या आत निघतात. बाजार बंद पडला. मागल्या भेटीत मी सहज विचारलं, गुरुजी इथं राहतात का? बायांनी माझ्याकडं पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि मला खोलीवर नेलं. खुंटीवर शर्ट होता. धुतलेला, घडीसुद्धा न मोडलेला.

गोदाबाईचा स्लॅब यंदा पडला. दिवाळीच्या आधी दोन खोल्या उभ्या राहिल्या, आणि घरभरणीचं आवतण मला आलं. अचलपुरात गल्लीत मांडव घातला होता. गोदाबाई नव्या लुगड्यात उंबऱ्यातच बसली होती; कोणी आत चला म्हटलं की म्हणायची, "बसू दे वो बाई. येथून आता कोणी उठ म्हनत नाही मले." मी पंगतीत बसणार एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक जीप थांबली. मुंगीलाल उतरला, त्याच्यामागं त्याची सून लेकरू कडेवर घेऊन, आणि तेव्हा चौथीत असलेली, आता सातवीत गेलेली ती वांगी विकणारी पोरगी. आवतण त्यांना दामिनीनंच धाडलं होतं, पण एवढ्या लांब खरंच कोणी येईल असं तिला वाटलं नव्हतं. मोहफुलांचं गाठोडं आणि मधाची बाटली त्यांनी गोदाबाईच्या पुढ्यात ठेवली. दामिनी तर वाढायचं टाकून धावत आली.

मुंगीलालनं आधी घर पाहिलं. एका खोलीतून दुसरीत गेला, मान वर करून स्लॅब पाहिला, भिंतीवर हात फिरवला. सगळं नीट पाहून झाल्यावर बाहेर आला आणि म्हणाला,

"चांगलं झालं बाई घर. पक्कं हाये."

"हो ना भाऊ."

"मग चाला. जीप उभी हाये."

पंगतीतले दोन-तीन जण हसले. दामिनी हसली नाही. ती माझ्याकडं पाहायला लागली, जसं काही मी अडवीन किंवा सोडवीन. मी काय करणार? मीही ते 'घर झालं की येईन' विसरून गेलो होतो. त्यांनी मात्र वर्षभर ते धरून ठेवलं होतं, घर होण्याची वाट पाहत.

"भाऊ, असं निघता येत नाही," ती कशीबशी म्हणाली. "बदली मागावी लागते. अन् आता आई..."

"आईचं नाव काहून घेतं?" उंबऱ्यातून गोदाबाई बोलली. "त्याईले जबान देल्ली होती का तू?"

दामिनीनं मान डोलावली.

"देल्ली होती ना? मी बाजारात बसतो. गिऱ्हाईकाले एक भाव सांगतला की मंग बदलत नाही. तुले तेच शिकवलं म्या." मग सुनेच्या कडेवरच्या लेकराच्या गालाला हात लावून ती मुंगीलालला म्हणाली, "जेवा आधी. उपाशी कोणी जाऊ नका माह्या घरून."

जीप त्या दिवशी दामिनीला न घेताच परत गेली. नियमापुढं कोणाचं चालत नाही. टेंबरूढाण्याला भत्ता आजही नाही. फेरतपासणी अजून कोणी केलेली नाही आणि माझ्या अर्जावर धूळ साचली आहे. यात सरकारचं काहीच चुकलं नाही असं मी मेलो तरी म्हणणार नाही. भत्ता होता म्हणून ही पोरगी तिथं पोचली. तो असता तर तिचं एक वर्ष आणि लेकरांचंही एक वर्ष वाचलं असतं.

बदल्यांचे अर्ज ऑनलाइन घेतात, आणि ते कधी सुरू होतील ते कोणालाच ठाऊक नसतं. रोज संध्याकाळी माझा फोन वाजतो, दामिनीचा. ललिता आता नाव न पाहताच फोन माझ्या हातात देते.

"सर, सुरू झालं का?"

"नाही बाई, अजून नाही."

"उद्या पाहून सांगजा मंग," ती म्हणते आणि फोन ठेवते.